हातात क्यू आहे, पण यू नाही: अशा छोट्या इंग्रजी शब्दांचे अर्थ

दुपारचा_डाव यांचा प्रश्न

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि नोकरीची सगळी वर्षे मराठी शिकवण्यात गेली. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपासून माझी नात आणि मी रविवारी दुपारी स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जोडून पटावर शब्द लावायच्या खेळाचा, डाव मांडतो. मागच्या डावात शेवटी पिशवी रिकामी झाली, चारही यू पटावर लागून गेले आणि माझ्या पट्टीवर एकटा क्यू अडकून बसला. नातीने आपल्या सोंगट्या संपवल्या, नियमाप्रमाणे माझे दहा गुण वजा झाले, तेच दहा तिच्या खात्यात जमा झाले आणि जिंकत आलेला डाव मी हरले.

डाव संपल्यावर तिने पटाच्या कडेला मोकळ्या असलेल्या एका आय या अक्षराकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "आजी, त्याच्या आधी क्यू लावला असतास तरी चालले असते, क्यू-आय हा शब्द आहे." त्याचा अर्थ विचारला तर तो तिलाही सांगता येईना. शब्द खेळाला मान्य शब्दांच्या यादीत आहे एवढे तिला पुरेसे वाटते. मला मात्र ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही तो पटावर मांडायला हात धजत नाही. आयुष्यभर मुलांना "अर्थ समजल्याशिवाय पाठ करू नका" असे सांगत आल्यामुळे असेल.

तिच्याकडून मी यू शिवायचे काही छोटे शब्द वहीत उतरवून घेतले आहेत: क्यू-आय, क्यू-ए-टी, क्यू-ए-डी-आय, क्यू-ए-आय-डी, क्यू-ओ-पी-एच, क्यू-ए-एन-ए-टी, एफ-ए-क्यू-आय-आर, टी-आर-ए-एन-क्यू आणि डब्ल्यू-ए-क्यू-एफ. यांतला फकीर मला लगेच ओळखता आला आणि वक्फही वर्तमानपत्रांमुळे ओळखीचा आहे. त्यावरून मी पुढे अंदाज केला की क्यू-ए-आय-डी म्हणजे आपली कैद, क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे लग्नमांडवाला लावतात ती कनात आणि क्यू-आय म्हणजे ताई-ची या चिनी व्यायामातला ची. हे अंदाज बरोबर आहेत का? उरलेल्या शब्दांचे अर्थ काय? आणि शाळेत आम्हाला क्यूनंतर यू आलाच पाहिजे असे शिकवले होते, तर मग हे शब्द इंग्रजीत आले कुठून?

सोंगटी_पंधरा यांचे उत्तर

आधी खेळाच्या बाजूने सांगतो, कारण मी बरीच वर्षे स्पर्धांमधून खेळत आहे आणि नवीन खेळाडू याच एका अक्षरापाशी सर्वाधिक गुण घालवताना पाहतो. पेटीत शंभर सोंगट्या असतात, त्यांत क्यू एकच आणि यू चार. ज्याच्या वाट्याला क्यू येतो तो यूची वाट पाहत बसतो, क्यूने अडवलेल्या जागेमुळे त्याच्याकडे प्रत्येक खेपेला सात ऐवजी सहाच अक्षरे उरतात आणि त्याचे पुढचे सगळे शब्द लंगडे पडतात. शेवटी बसणारी वीस गुणांची तफावत डोळ्यांना दिसते; त्याआधी चार-पाच खेपांत झालेले नुकसान दिसत नाही आणि ते बहुधा वीस गुणांहून मोठे असते.

म्हणून क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द सोन्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीत तो २००६ मध्ये आला आणि तेव्हापासून क्यूची भीती निम्म्याने कमी झाली. नुसता मांडला तर अकरा गुण. पण समजा, अक्षराची किंमत तिप्पट करणाऱ्या घराच्या बरोबर खालच्या घरात आधीच एक आय लागलेला आहे. त्या तिप्पट घरात क्यू ठेवावा आणि त्याच्या उजवीकडे आपल्याजवळचा आय लावावा. मग आडवा एक आणि उभा एक असे दोन शब्द होतात, क्यूचे तीस गुण दोन्हीकडे धरले जातात आणि दोन सोंगट्यांत बासष्ट गुण मिळतात. पुढच्या रविवारी नातीसमोर हे एकदा मांडून पाहा.

तुमच्या यादीतले माझ्या ओळखीचे अर्थ देतो. क्यू-ए-टी हे येमेन, सोमालिया आणि इथिओपियात वाढणारे एक झुडूप आहे. त्याची कोवळी पाने चघळतात आणि चोथा गालात धरून ठेवतात. त्याने तरतरी येते आणि भूक मरते. येमेनमध्ये दुपारच्या जेवणानंतर माणसे जमून पाने चघळत तासन्‌तास बोलत बसतात. हाच शब्द के-ए-टी आणि के-एच-ए-टी असाही लिहितात. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू वर्णमालेतले एकोणिसावे अक्षर. टी-आर-ए-एन-क्यू हा माणसाला किंवा जनावराला शांत करणाऱ्या औषधाच्या लांबलचक इंग्रजी नावाचा तुकडा आहे. मूळ नावात क्यूनंतर यू होता, बोलीत शब्द कापताना तो गळून पडला. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी.

एक सावधगिरी आवश्यक आहे. उत्तर अमेरिकेची यादी वेगळी आणि आपल्याकडे व इतर बहुतेक देशांत वापरली जाणारी कॉलिन्स या कोशप्रकाशकांची यादी वेगळी, शिवाय दोन्ही अधूनमधून बदलतात. त्यामुळे डावाआधी कोणती यादी प्रमाण मानायची हे ठरवून घ्यावे. इराक आणि कतार ही नावे सर्वांना सुचतात, पण विशेषनामे असल्यामुळे चालत नाहीत. क्वांटास ही ऑस्ट्रेलियन विमान कंपनीही त्याच कारणाने बाद. ते नाव तर एका लांब नावाच्या आद्याक्षरांपासून बनलेले आहे.

कोशवाचक यांचे उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबून द्यावे लागेल, परंतु ते कळले की यादी पाठ करण्याचे कष्ट निम्मे होतात, कारण हे शब्द आपल्याला वाटतात तेवढे परके नाहीत.

क्यू हे अक्षर मुळात फिनिशियन लिपीतले, म्हणजे वर सांगितलेल्या हिब्रू क्यू-ओ-पी-एचच्याच घराण्यातले. ते ग्रीकांकडून इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांकडे आणि तिथून रोमनांकडे आले. आरंभीच्या लॅटिनमध्ये क या एकाच ध्वनीसाठी तीन अक्षरे होती आणि पुढे कोणता स्वर आहे त्यावरून त्यांपैकी एक निवडले जाई. क्यू हे उ आणि ओ यांच्या आधी येत असे. पुढे सी या अक्षराने बहुतेक जागा घेतल्या आणि क्यू फक्त "क्व" या जोडीपुरता उरला. इंग्रजांना तर त्याचीही गरज नव्हती. जुन्या इंग्रजीत राणीसाठी असलेला शब्द सी-डब्ल्यू ने लिहीत, "क्विक" हा शब्दही तसाच, आणि त्याचा तेव्हाचा अर्थ "जिवंत" असा होता; म्हणूनच पाऱ्याला इंग्रजीत "क्विकसिल्व्हर", जिवंत चांदी, म्हणतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी ही जोडी क्यू-यू अशी लिहायला सुरुवात केली. शाळेत शिकवला गेलेला नियम हा त्या लेखनिकांच्या सवयीचा आहे आणि इंग्रजीच्या घरच्या शब्दांना तो आजही लागू पडतो.

यू शिवायचे शब्द बाहेरून आले, आणि त्यांतला सर्वांत मोठा गट अरबीतून आला आहे. अरबीत क चे दोन वर्ण आहेत. एक काफ, तो आपल्या क सारखा. दुसरा क़ाफ, तो जिभेचे मूळ पडजिभेजवळ टेकवून, घशाच्या तोंडाशी उच्चारतात. हा दुसरा वर्ण रोमन लिपीत कसा दाखवावा, हा प्रश्न युरोपीय अभ्यासकांपुढे आला तेव्हा त्यांच्याकडे क्यू हे जवळजवळ बेकार बसलेले अक्षर होते आणि वंशानेही ते क़ाफचे भावंड होते. म्हणून जुने इंग्रज ज्या शब्दांत के लिहीत होते त्यांत नंतरच्या लेखनात क्यू आला. फकीर आणि बुरखा हे शब्द इंग्रजी कोशांत के आणि क्यू अशा दोन्ही रूपांत सापडतात, काझी सी, के आणि क्यू अशा तीन रूपांत सापडतो, ते यामुळे.

आता आपल्याकडे पाहा. मराठीने फारसीच्या मार्गाने हेच शब्द कित्येक शतकांपूर्वी घेतले, पण नुक्ता, म्हणजे असा वेगळा उच्चार दाखवणारे अक्षराखालचे टिंब, कधी स्वीकारला नाही, त्यामुळे काफ आणि क़ाफ दोन्ही आपल्या एकाच क मध्ये मिसळून गेले. किल्ला, कलम, कुलूप, कर्ज, किंमत, कबूल, कायदा, फरक, हक्क, बाकी, रक्कम, मुक्काम, नक्कल, अक्कल, लायक, तालुका या सगळ्यांतला क मुळात क़ाफ आहे. याउलट हुकूम, वकील, मालक, हकीम यांतला क साधा काफ आहे. म्हणून इंग्रजीत वकील आणि हकीम नेहमी के ने लिहिलेले दिसतील, क्यू ने नव्हे. ज्यांना उर्दू वाचता येते, किंवा ज्यांनी हिंदीच्या जुन्या पुस्तकांत क खालचा नुक्ता पाहिला आहे, त्यांना कोणत्या शब्दात क्यू येऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. मात्र असा प्रत्येक शब्द स्क्रॅबलच्या यादीत असतोच असे नाही, एवढे भान ठेवावे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, अरबी मूळ असलेल्या शब्दांपुढे तशी खूण केलेली आहे. तो कोश शेजारी घेऊन बसलात तर दुपार कशी गेली ते कळणार नाही.

आता तुमचे अंदाज. तिन्ही चुकले आहेत, परंतु प्रत्येक चूक अभ्यासण्यासारखी आहे.

क्यू-ए-आय-डी म्हणजे कैद नव्हे. अरबीत दोन निराळे शब्द आहेत. बेडी, बंधन या अर्थाचा "क़ैद" आपल्याकडे कैद आणि कैदी झाला. इंग्रजी यादीतला शब्द मात्र "क़ाइद" आहे, म्हणजे पुढारी, सरदार. उत्तर आफ्रिकेत तो प्रदेशप्रमुखासाठी वापरत. पाकिस्तानात जिनांना लावतात त्या "क़ाइद-ए-आज़म" या उपाधीतला पहिला शब्द हाच.

क्यू-आय म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. मूळ अर्थ हवा, श्वास. आपल्या "प्राण" या शब्दातही श्वास आणि जीवन असे दोन्ही अर्थ एकत्र आहेत, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चीनने १९५८ मध्ये रोमन लिपीतल्या लेखनाची जी पद्धत स्वीकारली, तिच्यात च आणि छ यांच्या जवळच्या एका ध्वनीसाठी क्यू हे अक्षर ठरवले गेले. म्हणून लिहिताना क्यू आणि म्हणताना ची. जुन्या पद्धतीत हाच शब्द सी-एच-आय असा लिहीत आणि जपानी उच्चारानुसार तो के-आय होतो. परंतु ताई-ची मधला ची हा वेगळाच शब्द आहे. त्याची चिनी चित्रखूण निराळी, अर्थ "परमसीमा" असा, आणि नव्या पद्धतीत तो क्यूने नव्हे, जे ने लिहितात. जुन्या रोमन लेखनात दोघे सारखे दिसू लागल्याने जगभर हा घोटाळा झाला.

कनातीबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्या शब्दावर माझा जीव आहे.

कोशवाचक यांचे पुढचे उत्तर

आपली कनात, म्हणजे तंबूच्या किंवा मांडवाच्या बाजूला उभा केलेला जाड कापडाचा पडदा, ही तुर्की शब्दापासून आली आहे आणि त्या तुर्की शब्दाचा अर्थ पंख. तंबूचे पंख म्हणजे कनाती, अशी ती सुंदर कल्पना आहे. इंग्रजी यादीतला क्यू-ए-एन-ए-टी मात्र अरबी, त्याचा अर्थ पाण्याचा भूमिगत कालवा, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या भाषाकुळातल्या, शब्दाचा अर्थ बोरू किंवा वेत, म्हणजे आतून पोकळ असलेली काडी. तोच शब्द ग्रीक आणि लॅटिनमधून फिरून इंग्रजीत "केन" आणि "कॅनॉल" होऊन आला, म्हणजे आपण ज्याला रोजच्या बोलण्यात कॅनॉल म्हणतो तो या कनातचा लांबचा नातेवाईकच आहे.

इराणच्या कोरड्या प्रदेशात डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणतात. तिला पाणी लागले की त्या पातळीपासून गावाच्या दिशेने अगदी मंद उताराचा बोगदा काढतात. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याची माती खात जाते आणि कमी झाला तर गाळ साचतो, म्हणून सगळे कौशल्य त्या उतारात आहे. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभी विवरे असतात; त्यांतून माती वर काढतात, आत हवा जाते आणि पुढे गाळ उपसायला माणूसही उतरू शकतो. जमिनीवरून पाहिले तर वारुळांसारख्या मातीच्या गोल कड्यांची एक सरळ रांग दिसते. पंप नाही, रहाट नाही, पाणी आपल्या वजनाने गावात येते आणि जमिनीखालून येत असल्यामुळे उन्हात आटत नाही. यांपैकी अकरा कनात २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घेतले गेले.

हा शब्द आपण परका समजतो, पण ती वस्तू आपल्या मराठवाड्यात उभी आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरासाठी, म्हणजे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या शहरासाठी, जी नहर-ए-अंबरी बांधली तिच्यात हेच तंत्र आहे: भूजल अडवायचे, जमिनीखालच्या वाहिनीतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे. पलीकडे बुऱ्हाणपूरला मोगल काळातला कुंडी भंडारा आहे, तिथे तर आजही पाळण्यात बसून उभ्या विवरातून खाली उतरता येते. मी उतरलो आहे. वर एप्रिलचे ऊन रणरणत असताना खाली गेलो, तर गुडघाभर पाणी थंडगार, स्वच्छ आणि सरकत जाणारे, भिंती पाझरणाऱ्या आणि चुन्याच्या थरांनी पांढुरक्या झालेल्या, आणि डोक्यावर पुढच्या कुंडीतून पडलेला उजेडाचा एक गोल. तेव्हापासून कोणी क्यू-ए-एन-ए-टी ही पाच अक्षरे पटावर लावली की मला ते चौदा गुण आठवत नाहीत, तो उजेडाचा गोल आठवतो.

सोंगटी_पंधरा यांचे उत्तर

कोशवाचकांनी लिहिलेले सर्व मी दोनदा वाचले आणि त्यातून बरेच शिकलो. तरीही एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते मांडले पाहिजे, नाहीतर आजींची नात चुकीच्या बाजूला आहे असा समज होईल. स्पर्धेतल्या स्क्रॅबलला अर्थाची गरज नसते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतले जागतिक अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. काही आठवडे शब्दांच्या याद्या डोळ्यांखालून घालून ते पटावर बसले होते. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्यांनी हेच केले. घड्याळ चालू असताना खेळाडूच्या डोळ्यांसमोर अक्षरांची ठेवण यावी लागते, शब्दाचा इतिहास आठवत बसायला वेळ नसतो.

म्हणून आजींना माझी विनंती अशी की नातीच्या पाठांतराला कमी लेखू नका. यादीतला शब्द अर्थ न कळताही मांडणे हा या खेळाचा मान्य शिष्टाचार आहे. आल्फ्रेड बट्स या वास्तुशास्त्रज्ञाने हा खेळ १९३० च्या दशकात बेतला, तेव्हा कोणती अक्षरे किती ठेवायची हे त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजून ठरवले. म्हणजे हा खेळ पहिल्यापासून अक्षरांच्या गणिताचा आहे, भाषेचा नंतर.

कोशवाचक यांचे उत्तर

रिचर्ड्स यांचे उदाहरण खरे आहे आणि त्यांच्यासारख्या स्मरणशक्तीपुढे मी नम्र आहे. परंतु ती स्मरणशक्ती फार थोड्यांकडे असते. आपल्यासारख्यांनी शेकडो अर्थहीन अक्षरसमूह पाठ केले तर ते महिन्याभरात एकमेकांत मिसळतात: क्यूनंतर ए-आय-डी की ए-डी-आय, असा गोंधळ ऐन वेळी होतो. ज्याला ठाऊक आहे की पहिला क़ाइद म्हणजे सरदार आणि दुसरा क़ादी म्हणजे न्यायाधीश, त्याचा तो होत नाही. अर्थ हा इथे केवळ अलंकार नाही, तो शब्द लक्षात राहण्याची खुंटी आहे, आणि मराठी माणसाच्या घरात त्या खुंट्या आधीच ठोकलेल्या आहेत.

क़ादीचा काझी कसा झाला हेही पाहण्यासारखे आहे. त्यातला अरबी द हा साधा द नसून "ज़ाद" नावाचा खास वर्ण आहे. अरब तो द च्या जवळ उच्चारतात, इराणी आणि त्यांच्यामागून आपण ज़ च्या जवळ. म्हणून तिकडे रमदान, इकडे रमजान. तिकडे क़र्द, इकडे कर्ज. तिकडे हादिर, इकडे हजर. आपल्याकडे ज किंवा झ असलेल्या जागी इंग्रजी यादीत डी दिसला की ते रूप अरबी उच्चाराला धरून आहे, असे समजावे.

कॉलिन्सच्या यादीत असे थोडे लांब शब्दही आहेत. क्यू-ए-एल-ए-एम-डी-ए-एन म्हणजे आपले कलमदान, जसेच्या तसे. एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम म्हणजे मुकद्दम, पुढे उभा केलेला माणूस, म्हणजेच आपला मुकादम. उसाच्या फडात टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमाचे पदनाम इंग्रजी स्क्रॅबलच्या यादीत आहे, हे कळल्यावर तो शब्द कोण विसरेल?

आखातातला_मराठी यांचे उत्तर

मी कतारच्या दोहा शहरात काम करतो आणि क़ाफ रोज कानांवर पडतो, म्हणून एक निरीक्षण जोडतो. इथले स्थानिक लोक बोलताना क़ाफचा उच्चार बहुधा ग असा करतात. त्यांच्या तोंडून देशाचे स्वतःचे नावही "गतर" किंवा "गितर" असे ऐकू येते आणि कॉफीला "गहवा" म्हणतात. कैरोचा सहकारी त्याच जागी क़ाफ जवळपास गिळून टाकतो, फक्त घसा क्षणभर अडवतो. मशिदीतले पठण आणि बातम्या मात्र शुद्ध क़ाफने चालतात. त्यामुळे इंग्रजीत क्यू दिसला तरी बोलणारा काय उच्चारील हे त्याच्या गावावर अवलंबून असते. लेखन मात्र सर्वत्र एकच, आणि खेळाला लेखनाशीच काम.

दुपारचा_डाव यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. तिन्ही अंदाज चुकले याचे वाईट वाटले नाही, कारण चुकले नसते तर कनातीच्या पंखांबद्दल कळले नसते. काल नातीला समोर बसवून आम्ही दोघींनी वहीत डाव्या बाजूला यू शिवायचे शब्द आणि उजव्या बाजूला त्यांची मराठीतली भावंडे अशी पाने केली. तिने किब्ला, तलाक आणि नकाब यादीतून शोधून काढले. सोंगटी_पंधरा यांचे म्हणणेही तिला वाचून दाखवले आणि तिच्या पाठांतराला मी आता कमी लेखणार नाही, असे तिच्यासमोर कबूल केले. कबूल हा शब्दही क़ाफचाच, हे तिनेच मला लगेच सांगितले.

दोन शंका उरल्या. बुरखा या शब्दात इंग्रजीत क्यू आहे, म्हणजे मूळ क़ाफ असणार, मग आपल्याकडे तिथे क न होता ख कसा आला? आणि डब्ल्यू-ए-क्यू-एफ समोरची उजवी बाजू रिकामी आहे. वक्फला वक्फखेरीज मराठीत कोणी भावंड आहे का?

कोशवाचक यांचे उत्तर

क़ाफ घशाच्या तोंडाशी उच्चारला जातो आणि अरबी-फारसी ख़ही त्याच्या शेजारीच, त्यामुळे ऐकणाऱ्याला काही शब्दांत ख चा भास होतो. बुरखा तसा झाला, आणि "मुंबई इलाखा" मधला इलाखाही. त्याचे मूळ रूप इलाक़ा. हा बदल सार्वत्रिक नाही, बहुतेक ठिकाणी क च झाला.

वक्फची रिकामी बाजू मात्र आनंदाने भरून देतो. मूळ अरबी धातूचा अर्थ थांबणे, उभे राहणे, थांबवणे. एखादी मिळकत खरेदी-विक्रीच्या आणि वाटणीच्या व्यवहारातून कायमची थांबवून धर्मकार्याला लावली की ती वक्फ. त्याच धातूपासून "मौक़ूफ़", म्हणजे थांबवलेले, रद्द केलेले, आणि तो आपल्या जुन्या कागदपत्रांत "मौकूफ" म्हणून जागोजागी भेटतो: अमुक नेमणूक मौकूफ, तमुक कर मौकूफ. आणि एखाद्या गोष्टीपाशी थांबून, उभे राहून जो ती नीट जाणून घेतो तो "वाक़िफ़". त्याला फारसीचा "कार" जोडून शब्द झाला वाक़िफ़कार, आणि मराठीच्या तोंडात तो फिरत फिरत झाला वाकबगार. वहीत त्या चार अक्षरांसमोर हे दोन्ही शब्द लिहा, गुण एकोणीस.